रस्त्याकडची सरी

पडद्यावर मला माझी बादली दिसली. दुसऱ्या कुणाला ती दिसणार नव्हती. त्यांना दिसत होती नुसती एक निळी रेघ, चढणारी, उतरणारी, आणि रंजिता म्हणत होती, "आई, हा आपला मळा." मी म्हटलं, "मला तर अळीनं पान खाल्ल्यागत दिसतंय." ती हसली. सामान बांधून घरी न्यायला आलेल्या सासूसमोर हसणारी सून एकतर मूर्ख असते नाहीतर फार सोसलेली, आणि ती मूर्ख नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बोट पडद्यावर ठेवून ती सांगत होती. रेघ खाली येते तेव्हा माती वाळतेय, मोटर सुरू झाली की रेघ चढते, इथपर्यंत सगळं सरळ आहे. "पण ही टेकाडं बघा. जवळजवळ रोज, ऊन कलायच्या सुमाराला. मोटर बंद आहे, पाऊस नाही, आणि तरी मातीत पाणी चढतंय. मी ओल मोजणारी ती सळई बदलली, वायर बदलली, सगळं गणित पुन्हा मांडलं. टेकाडं काही गेली नाहीत." मग तिनं रेघ बाजूला सरकवली. "आणि हे मधले दिवस. इथं एकही नाही. इथं मशीन किती शहाण्यासारखं वागलंय. थोडं थोडं पाणी, सगळ्या सऱ्यांना सारखं. मग काय झालं कोण जाणे, पुन्हा सुरू." रेघेखाली तारखा होत्या. चौथीपर्यंत शाळा केली आहे मी, तारखा वाचता येतात. त्या दिवसांत मी मुरबाडला होते, माझ्या बहिणीकडे, सावळीकडे. तिचा नवरा गेला होता. तेरावं उरकूनच मी घरी परतले होते.

 कॉलेजच्या त्या खोलीत गार हवा सोडलेली होती तरी मानेवर घाम आला. उजव्या हाताची बोटं आपसूक वळली, बादलीची कडी धरावी तशी, म्हणून तो हात मी पदराखाली घेतला. रंजिता म्हणाली, "काय झालं आई? बसा खुर्चीत." मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" आणि बसले.  सून पडद्यावरची रेघ पुढे-मागे करत होती, आणि प्रत्येक टेकाडाबरोबर मला माझं चालणं आठवत होतं. टाकीपासून बांधापर्यंत, बांधावरून रस्त्याकडच्या सरीपर्यंत, पदर खोचून, इकडे-तिकडे बघून. आपल्याच रानात मी चोरासारखी गेले होते आणि त्याची नोंद कुणीतरी ठेवत होतं. माणसानं ठेवली असती तर मी त्याला चार शब्द ऐकवून गप्प केलं असतं. मातीत रोवलेल्या सळईला काय ऐकवणार.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, किन्हवलीच्या पुढे. भात निघालं की आम्ही भेंडी करतो, ती मुरबाडच्या व्यापाऱ्याकडे जाते. मळ्याची पहिली सरी रस्त्याला लागून आहे आणि एसटी थांबते ती नेमकी तिथेच. माणसं उभी असतात, गाडी वेळेवर येत नाही, मग बघायला दुसरं काय आहे? आमची भेंडी. नवरा गेला तेव्हा भावेश अंगावर पीत होता, आणि भावकी म्हणाली होती की बाई एकटी रान काय राखणार. त्या वर्षापासून मी ती सरी अशी राखली की एसटीतल्या बायका खिडकीतून मान काढून बघायच्या. आत मागच्या सऱ्यांना कधी कीड लागली, कधी पाणी कमी पडलं, ते मी आणि माझी माती. रस्त्याकडची सरी मात्र टवटवीत. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की आम्ही कसे आहोत ते लोकांना तिथून कळतं.

रंजिता वाशिंदची. बाप कारखान्यात, आई शिवणकाम करणारी. भावेशनं तिला आसनगावच्या स्टेशनावर बघितली म्हणे. मला ते आवडलं नव्हतं, पण मुलगी डोळ्यात डोळा घालून बोलली ते आवडलं. लग्नाआधी इंजिनीयर झाली होती. लग्नानंतर म्हणाली, "आई, मला पुढे शिकायचंय, कंट्रोल." मी म्हटलं, "रेशनचं रॉकेल मिळायचं त्या दुकानाला आमी कंट्रोल बोलतो. तिथं शिकायला काय ठेवलंय?" तेव्हाही ती हसली होती. मग चुलीपुढे बसून तिनं मला समजावलं. एखादी गोष्ट आपल्याला हवी तशी चालावी म्हणून तिला कधी ढकलायचं, किती ढकलायचं, कधी हात काढून घ्यायचा, ते आधी हिशोबानं ठरवायचं. आणि तेही कमीत कमीत कसं भागेल ते काढायचं. मी म्हटलं, "ते मी रोज करते, मला कुणी डिग्री नाय दिली." ती म्हणाली, "खरंय. पण आई, यंत्राला आधी सांगावं लागतं काय जपायचं नि काय वाचवायचं. पाणी वाचवायला गेलो तर रोप जातं, रोप जपायला गेलो तर पाणी जातं. दोघांना आपण वजन द्यायचं, मग ते मधली वाट काढतं. पुढचे दोन-चार दिवस बघतं, पण पाऊल एकच टाकतं. मग पुन्हा बघतं. आपलं चुकलं असेल तर तिथल्या तिथे बदलतं." मला हे हास्यास्पद वाटलं. मी एकदा बोलले की बोलले. पुन्हा बघायचं ते डळमळीत माणसानं.

आणि मी बोलले होतेच. तुळशीच्या लग्नाला अंगणात सगळी भावकी जमली होती, तेव्हा काशी, माझी चुलत जाऊ, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सून मुंबईत हॉस्टेलात, सासू घरात धुणी धुतेय. नवीन रीत काढली बाईजाबायनी." बायका हसल्या. मला तिथल्या तिथे काहीतरी मोठं बोलायलाच हवं होतं. मी म्हटलं, "ऐका गो. यंदाची भेंडी माझी सून तिच्या यंत्रावर पिकवंल. मी हात लावणार नाय. शिमग्यापर्यंत रान हिरवं राहिलं तर ती शिकंल आणि मी धुणी धुवेन. नाय राहिलं तर पुस्तकं बांधून घरी बसंल. रंजिता, कबूल?" सगळ्यांदेखत सुनेला कोंडीत धरून असं विचारायचं नसतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कबूल, आई." तिचा तिच्या गणितावर भरवसा होता. माझ्यावरही असणार, कारण मी हात लावणार नाही यावर ते सगळं उभं होतं.

यंत्राचा डबा मोटरीच्या खोपीला ठोकला, सऱ्यांमधून ठिबकच्या नळ्या टाकल्या, आणि सळई रोवली रस्त्याकडच्या सरीत, कारण वायर तिथपर्यंतच पोचत होती. ती मला म्हणाली होती, दुपारी पानं माना टाकतील, घाबरू नका, संध्याकाळी उभी राहतील, मुळं पाणी शोधत खाली जातील. हे तिनं सांगायची गरज नव्हती. दुपारची मान टाकलेली भेंडी ऊन उतरलं की उभी राहते, हे मी तिच्या जन्माच्या आधीपासून बघत आलेय. म्हणून तर आता मला स्वतःला सांगायला काही उरत नाही. अडाणी होते, कळलं नाही, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मला माहीत होतं. एसटीची वाट बघणाऱ्यांना माहीत नव्हतं. संक्रांतीच्या आधी एका दुपारी काशी तिथे उभी होती. मला बांधावर बघून म्हणाली, "मोबाइलवरची भेंडी काय? तरीच झोपलीय." ती गाडीत बसून गेली. मी बादली घेतली. आजच्या दिवस, म्हटलं. पुढची चार-दोन रोपं तेवढी.

मग ते रोजचं झालं. भावेश कामाला गेलेला असे, रस्ता मोकळा असे, आणि मी पुढच्या सरीला पाणी घालून येई. सळई तिथेच होती. तिला कळे की माती भिजली, ती डब्याला सांगे, आणि डबा सगळ्या रानाचं पाणी बंद करी. हे आज कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की पुढची सरी हिरवी आहे आणि आतल्या सऱ्या पिवळ्या पडत चालल्या आहेत. रंजितानं फोन केला होता, "आई, रानात वरून पाणी कुणी घालतंय का?" मी म्हटलं, "मी कशाला हात लावू गो तुझ्या डब्याला?" आणि डब्याला मी खरंच हात लावला नव्हता. मी रोपाला पाणी दिलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही, असं मी आज दिवसभर स्वतःला सांगतेय. येऊ दिलं नाही, हे जास्त खरं असेल. फोन ठेवल्यावर मी बादली खोपीत ठेवायची ती खोपीच्या मागे ठेवायला लागले होते.

आतली भेंडी जून झाली, वाकडी झाली. मुरबाडच्या व्यापाऱ्यानं क्रेट परत पाठवले. शिमग्याला होळीपुढे नारळ घेऊन उभ्या असलेल्या बायकांना मी म्हटलं, "बघितलं ना." तेवढंच. आवाज माझा दुःखी होता. आवाज कसा काढायचा ते मला येतं.

पडद्यावरची रेघ दाखवून झाल्यावर तिच्या सरांनी आम्हाला बोलावून घेतलं. बारीक अंगाचा माणूस, भावेशपेक्षा थोडाच मोठा. मला हात जोडून म्हणाला, "मावशी, तुम्ही यांना थांबवा. शेतावरचं नाही जमलं तर नाही जमलं. तेच कॉम्प्युटरवर करून पुरं करता येतं, पुष्कळ जण तसंच करतात. एवढी हुशार मुलगी अर्ध्यावर जाऊ नये." मी रंजिताकडे बघितलं. ती हो म्हणेल असं मला वाटलं, नव्हे, ती हो म्हणू दे असं मी मनात म्हटलं. ती हो म्हणाली असती तर माझी बादली कुणाला न दिसता कायमची राहिली असती. ती म्हणाली, "नाही सर. मातीत जे चाललं नाही ते कागदावर चालतं असं मी कशी लिहू? आणि मी घरी शब्द दिलाय." सरांनी माझ्याकडे बघितलं. शब्द कुणाला दिलाय हे त्यांना कळलं असावं. मी पदर सारखा केला आणि भिंतीकडे बघत राहिले. तिथे कुणा म्हाताऱ्या गोऱ्या माणसाचा फोटो होता, त्याचे डोळे बरे होते, कुणाकडेही बघत नव्हते.

निघताना तिनं मला एक खेळणं दाखवलं. लहानशी गाडी रुळावर पुढे-मागे धावते आणि तिच्यावर एक काठी उभी राहते, बोटावर काठी तोलावी तशी. "ढकला आई," ती म्हणाली. मी काठीला बोट लावलं. काठी झुकली, गाडी तिच्याखाली धावली, काठी पुन्हा उभी. मी जोरानं ढकलली, तरी उभी. त्या काठीचा मला राग आला. "कशानंच नाय का पडत गो ही?" रंजिता वायर गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "धक्का दिला की तिला कळतं, मग सावरते. पण तिला जिथून कळतं तिथेच कुणी बोट धरलं तर पडते. पण असं कोण करतं?" तिनं बटण बंद केलं आणि काठी आडवी झाली.

परतताना भावेश गाडी चालवत होता. गावातल्या चांगोचा छोटा हत्ती टेम्पो मागून आणला होता, मागे गादी, पुस्तकांची खोकी, कपड्यांची बॅग, आणि पुढे आम्ही तिघं दाटीवाटीनं, ती मधे, मी दाराकडे. लॅपटॉपची पिशवी तिनं मांडीवर घेतली होती. "आये, तुझी सून हुंडा आता घेऊन चाललीय, सगळी पुस्तकं," भावेश म्हणाला. कुणी हसलं नाही. तो पुन्हा बोलला, "रंजू, वाशिंदला थांबायचं? तुझ्या आईला भेटून?" ती म्हणाली, "नको. आज नको." तिच्या आईला तोंड दाखवायचं नव्हतं तिला. तोंड लपवायचं मी, आणि लपवत ती होती. पडघा गेलं. उन्हात सगळा रस्ता पांढरा दिसत होता. तिचा दंड माझ्या दंडाला लागत होता, गरम, आणि खड्डा आला की ती माझ्यावर रेलायची आणि लगेच सावरून बसायची, सासूवर भार पडू नये म्हणून. मी तशी कुणाच्या अंगाला अंग लावून बसणारी नाही. पण मला दाराला आणखी चिकटायला जागा नव्हती.

मी म्हटलं, "रंजिता, ती टेकाडं."

"जाऊ द्या ना आई."

"समज कुणी रानात गेलं असंल."

"कोण जाणार? रानात तुम्हीच असता. तुम्ही असताना कुणाची टाप आहे आत यायची." हे ती मला खोचून म्हणाली नाही. माझं कौतुक म्हणून म्हणाली. आणि मग हळू आवाजात, खिडकीबाहेर माहुलीचा डोंगर जात होता त्याच्याकडे बघत, "माझंच कुठेतरी चुकलंय. मी ते फार वेळा तपासलंय आई, आता मला माझे आकडेच खरे वाटत नाहीत. परवा भाजीत मीठ घालताना हात थांबला. वाटलं, आपल्याला अंदाजच नाही कशाचा." भावेशनं गिअर बदलला. बादली माझी होती, एवढंच सांगायचं होतं. ते मी सांगू शकले असते. चालत्या गाडीत, तिघांत, पुन्हा कुणाला कळायची भीती नव्हती. आणि नेमकं तेच मला पटेना. कोंडीत धरलं होतं ते भर अंगणात, आणि सोडवायचं ते छोट्या हत्तीत, काच वर करून? पण हेही निमित्त असेल. शहापूरला चहाला थांबलो तेव्हा तर आम्ही दोघीच बाकड्यावर होतो. तिनं माझा चहा बशीत ओतून फुंकून दिला. मी प्यायले. गोड होता एवढंच कळलं.

शहापूर सोडल्यावर मी विचार करत होते की गप्प राहिलं तर काय होईल. काही होणार नाही. हेच तर भयंकर होतं. ती घरात राहील, भाकऱ्या टाकेल, माझं ऐकेल. पोरं होतील. बायका म्हणतील बाईजानं सून मुठीत ठेवली. ती मला आई म्हणेल. आणि रोज ऊन कलायच्या वेळी मी मान वर करून तिच्याकडे बघेन, आणि ती मीठ घालताना हात थांबवून उभी असेल.

अंगणात गाडी वळली तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. काशी ओट्यावर बसलेली होती, शेजारच्या दोघी होत्या. मीच जाताना सांगून गेले होते की सुनेला आणायला चाललेय. माझ्याच बोलावण्यावरून जमल्यासारख्या त्या जमल्या होत्या. "आणलीस का गो?" काशी म्हणाली. "बरा केलास. कॉलेजात जाऊन कोणाची भेंडी पिकलीय?" एरवी मी तिला तिथेच झाडली असती. रंजिता गाडीतून उतरली, लॅपटॉपची पिशवी खांद्यावर, आणि सरळ जाऊन काशीच्या पाया पडली. "शाणी हाय," काशी म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती वाकलेली पाठ मी बघितली. मला वाटलं होतं मी शब्द जुळवून, माझा मान राखून, बोलेन. तसं काही झालं नाही.

"तिचं यंत्र बरोबर व्हतं," मी म्हटलं. "पुढच्या सरीत पाणी मी घालीत व्हते. बादलीनी. रोज."

काशी म्हणाली, "तू? तू तर बोललेलीस, हात लावणार नाय."

"बोललेले."

"मग?"

"मग काय? घातला पाणी. तू रस्त्यावर उभी राहून बघत व्हतीस म्हणून घातला." हे बोलायला नको होतं. कबूल करतानाही अर्धं दुसरीच्या पदरात टाकायचं.  माझ्या माहितीत काशी पहिल्यांदाच गप्प राहिली, आणि त्याचा आनंद घ्यायला मी मोकळी नव्हते.

भावेश गादीची दोरी सोडत होता. त्याचे हात थांबले. "आये," एवढंच म्हणाला.

रंजिता सरळ उभी राहिली होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. "कधीपासून?"

"संक्रांतीच्या आधीपासून."

"आणि मुरबाडला होतात तेव्हा नाही."

"तेव्हा कशी घालणार?"

तिचे ओठ हलले, कसलातरी हिशोब जुळल्यासारखे. मग ती म्हणाली, "मी फोनवर विचारलं होतं तुम्हाला." मी हो म्हटलं. ती आणखी काहीतरी बोलेल, ओरडेल, म्हणून मी पाय रोवून उभी राहिले. ओरडली असती तर मला झेलता आलं असतं. ती घरात गेली, आतल्या खोलीत गेली, दार लावलं आणि कडी घातली. या घरात आल्यापासून सुनेनं आतून कडी घातलेली मी ऐकली नव्हती. माझ्या सासूच्या राज्यात मीही कधी घातली नव्हती, माझी टाप नव्हती.

बायका उठून गेल्या. भावेशनं खोकं उचललं तेव्हा मी म्हटलं, "खाली नको उतरवू. उद्या परत न्यायचंय." त्यानं खोकं तसंच धरून माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून माझ्यापुढे मान खाली घालणारा माझा मुलगा, त्याच्या चेहऱ्यावर असं काही मी बघितलं नव्हतं. "तिला आणायचं तूच ठरवलंस, न्यायचं पण तूच ठरव," तो म्हणाला. "तिला जायचंय का ते विचार जरा. मी नाय विचारणार." आणि खोकं गाडीतच ठेवून तो गाडीच्या पायरीवर बसून राहिला.

मी माजघरात गेले. दिवा कुणी लावला नव्हता, खिडकीतून उरलासुरला उजेड येत होता. दारापुढे उभी राहिले. मी आयुष्यभर सांगत आले. ऊठ, बस, हे पेर, ते काढ, पुस्तकं बांध. विचारायचं कसं असतं ते मला येईना. तोंड उघडलं की सांगणंच बाहेर येत होतं. "दार उघड," असं मी म्हणून गेले, आणि लगेच म्हटलं, "नको उघडू." मग भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसले, कारण उभं राहून विचारता येण्यासारखं ते नव्हतं. "रंजिता. जाशील का गो परत?"

 आढ्याला पाल चुकचुकली. बऱ्याच वेळानं लॅपटॉपच्या बटणांचा आवाज सुरू झाला, बारीक, तांदूळ निवडल्यासारखा.

"बादली कुठली?" आतून तिनं विचारलं. आवाज कोरडा. आई म्हणाली नाही.

"खोपीतली. जनावरांची."

"भरून न्यायचात?"

"भरून. बांधावर थोडं सांडायचं."

"किती खेपा?"

"ऊन असंल तसं. मी मोजलं नाय."

"आठवा."

असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आठवायला लागले. डोळे मिटून, टाकीपासून चालत, कडीचा वळ बोटांवर, थांबायचं कुठे, वाकायचं कुठे. सांगितलं. तिनं विचारलं, एकदम ओतायचात की थोडं थोडं? थोडं थोडं, मुळाशी. सळईपासून किती लांब? लांब कसली, सळई ज्या रोपाशी होती तेच सगळ्यात पुढे होतं, तिथूनच सुरुवात करायची. ढगाळ दिवशी? ढगाळ दिवशी कमी. रविवारी भावेश घरी असायचा तेव्हा? तेव्हा नाही. तिचे प्रश्न एकामागून एक येत होते, मधे बटणं वाजत होती, आणि मी भिंतीशी बसून पोलिसापुढे बसावं तशी उत्तरं देत होते. मला बरं वाटत होतं असं नाही. फक्त एका उत्तरामागे दुसरं देताना बाकीचं काही सुचत नव्हतं. जाणार की नाही ते तिनं सांगितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. पाण्याचं सगळं विचारून झाल्यावर ती थांबली. एक गोष्ट तिनं विचारली नव्हती. ती तिच्या रेघेत कुठे दिसणार नव्हती, सळईला कळलेली नव्हती, भावेशला नाही, काशीलाही नाही. न विचारता गेली असती.

"आतली भेंडी सुकायला लागली," मी दाराला म्हटलं, "तेव्हा मला बरं वाटलं व्हतं."

बटणांचा आवाज थांबला. बाहेर भावेशनं गाडीचं फाळकं लावल्याचा आवाज आला, मग तोही नाही. मी दाराकडे बघत राहिले. अंधारात त्याच्या फळ्या दिसेनाशा झाल्या होत्या. आत ती हलली, खाट वाजली.

"पहिल्यांदा कधी वाटलं?" तिनं विचारलं.

मी आठवायला लागले.